संकल्प कोणाचा, साक्षी कोण?

पाश्चात्त्य जगातील नवगूढवादी पंथांविषयी मराठीत जे थोडेफार लिहिले जाते, ते बहुधा सनसनाटीच्या अंगाने. सैतान, बळी, मादक द्रव्ये, स्वैराचार एवढ्या चार शब्दांत विषय संपतो. वाचक क्षणभर शहारतो आणि पान उलटतो. ‘थेलेमा’ या पंथाची गत हीच झाली आहे. त्याचा प्रवर्तक अलिस्टर क्रौली याला १९२३ मध्ये लंडनच्या ‘जॉन बुल’ नियतकालिकाने जगातील सर्वांत दुष्ट मनुष्य ठरविले आणि तेव्हापासून त्या शिक्क्याच्या आड त्याचा विचार दडून गेला. पंथाचे अनुयायी संख्येने किरकोळ आहेत, मान्य. परंतु त्याने मांडलेला प्रश्न किरकोळ नाही. मनुष्याने कोणाच्या इच्छेने जगावे? ईश्वराच्या, समाजाच्या, मातापित्यांच्या, की स्वतःच्या? आणि ‘स्वतःची इच्छा’ म्हणजे नेमके काय? हे प्रश्न आज पुणे-नागपूरच्या मध्यमवर्गीय घरांत रोज विचारले जात आहेत. विचारणाऱ्या मुलाने क्रौलीचे नावही ऐकलेले नसले तरी.

‘थेलेमा’ हा मूळ ग्रीक शब्द. अर्थ इच्छा, संकल्प. ख्रिस्ती शुभवर्तमानांच्या ग्रीक पाठात तो महत्त्वाच्या जागी येतो. येशू अनुयायांना जी प्रार्थना शिकवितो तीत देवाची इच्छा पृथ्वीवर पूर्ण व्हावी अशी याचना आहे, तेथे हाच शब्द आहे. अटकेच्या रात्री तो माझी नव्हे, तुझी इच्छा होवो अशा अर्थाचे उद्गार काढतो, तेथेही हाच. म्हणजे ज्या शब्दाने ईश्वरापुढे मानवी इच्छेचे विसर्जन सांगितले, तोच शब्द क्रौलीने उचलला आणि नेमका उलटा फिरविला. हा योगायोग नव्हता. १८७५ मध्ये इंग्लंडमधील लेमिंग्टन येथे जन्मलेल्या क्रौलीचे बालपण ‘प्लिमथ ब्रदरेन’ या अतिकर्मठ ख्रिस्ती संप्रदायात गेले. बायबलखेरीज अन्य वाचनावर करडी नजर, आनंदाच्या प्रत्येक क्षणावर पापाची छाया. अकराव्या वर्षी वडील गेले. आईशी त्याचे कधी पटले नाही आणि त्या माउलीने आपल्याच मुलाला बायबलातील प्रलयकालीन ‘पशू’ची उपमा दिली. मुलाने ती आयुष्यभर पदवीसारखी मिरविली. मनुष्य जन्मतःच पापी आहे, त्याची इच्छा मुळातच भ्रष्ट आहे, या शिकवणुकीतून असा बंडखोर निपजला तर त्याचे सगळे खापर एकट्या बंडखोरावर फोडता येणार नाही.

शब्दाला आणखी एक पूर्वपीठिका आहे. १५३४ च्या सुमारास फ्रेंच लेखक फ्रान्स्वा राबले याने ‘गार्गांतुआ’ या विनोदी कथाग्रंथात ‘थेलेम’ नावाचा एक काल्पनिक मठ रंगविला. तेथे घंटा नाही, कुंपण नाही. ज्याने त्याने इच्छेनुसार वागावे एवढाच नियम. परंतु राबलेने त्याला एक आधार दिला होता, ज्याची आठवण पुढे कोणी ठेवली नाही. मठात राहणारी माणसे सुसंस्कारित असतील, सज्जनांच्या सहवासात वाढलेली असतील, म्हणून त्यांची इच्छा स्वभावतःच सद्गुणाकडे वळेल, असे त्याचे म्हणणे होते. नियम नको, कारण संस्कार आधीच झालेला आहे. क्रौलीने मठाचे नाव घेतले. हा आधार मात्र फ्रान्समध्येच राहिला.

पंथाचे म्हणणे

१९०४ च्या एप्रिलमध्ये, ८, ९ आणि १० या तीन तारखांना, कैरो येथील मुक्कामात माध्यान्हीचा एकेक तास क्रौली लिहीत बसला. आयवास नावाच्या अमानुष सत्तेने शब्द सांगितले आणि आपण ते उतरवून घेतले, असे तो म्हणे. ‘बुक ऑफ द लॉ’ हा २२० वचनांचा लहानसा ग्रंथ अशा रीतीने सिद्ध झाला. अपौरुषेयत्वाचा हा दावा ज्याला मानायचा त्याने मानावा. ग्रंथाचा आशय असा की, मनुष्याच्या संकल्पापलीकडे त्याच्यावर दुसरा कोणताही कायदा नाही. आणि प्रेम हाही कायदाच आहे, पण तो संकल्पाच्या अधीन राहून.

वरवर पाहणाऱ्याला हा उघड स्वैराचार वाटेल. अनुयायांना तो अर्थ अमान्य आहे आणि येथे त्यांचे म्हणणे प्रामाणिकपणे नोंदविले पाहिजे. क्रौलीने ‘हवेसे वाटणे’ आणि ‘खरा संकल्प’ यांत स्पष्ट भेद केला. प्रत्येक व्यक्ती आकाशातील तारकेसारखी आहे; तिची एक नियत कक्षा आहे. ती कक्षा ओळखणे आणि तीतूनच फिरणे म्हणजे खरा संकल्प. तारका आपापल्या कक्षेत राहिल्या तर एकमेकींवर आदळत नाहीत. माणसांचा संघर्ष होतो तो कोणीतरी आपली कक्षा सोडल्यामुळे. म्हणून क्षणिक वासना, लोकांचे अनुकरण, कीर्तीचा हव्यास ही सगळी खऱ्या संकल्पाची विघ्ने होत. ती दूर करण्यासाठी क्रौलीने साधकाला रोजनिशी लिहावयास लावली, आसन आणि प्राणायाम सांगितले, नवस्नातकाला काही काळ एखादा शब्द, प्रसंगी ‘मी’ हाच शब्द, उच्चारण्यास बंदी केली आणि चुकून उच्चारला तर वस्तऱ्याने आपल्याच हातावर चीर घ्यावयास सांगितली. ही ऐषारामाची दीक्षा खासच नव्हे. ग्रंथात तर असेही सुचविले आहे की, फळाच्या लालसेतून मुक्त झालेला शुद्ध संकल्प सर्व प्रकारे परिपूर्ण असतो.

हिंदू वाचक येथे थबकेल. कक्षा म्हणजे स्वधर्म, फळाची लालसा सोडणे म्हणजे निष्काम कर्म. मग हे सगळे गीतेचेच नव्हे काय? साम्य खरे आहे आणि त्याचे कारणही ज्ञात आहे. क्रौलीने आपल्या साधकांसाठी जी वाचनयादी केली, तीत उपनिषदे, भगवद्गीता, पातंजल योगसूत्रे, शिवसंहिता, हठयोगप्रदीपिका आणि स्वामी विवेकानंदांचा ‘राजयोग’ हे ग्रंथ आहेत. उसनवारी उघड आहे. प्रश्न उसनवारीचा नाही. भारताने आपले धन जगाला मुक्तहस्ते दिले आहे. घेताना काय घेतले आणि काय वगळले, हे पाहावयाचे आहे.

कँडीतील दोन मित्र

१९०१ मध्ये क्रौली सिंहलद्वीपात आला. त्याचा मित्र अ‍ॅलन बेनेट तेथे आधीच पोहोचला होता. लंडनच्या ‘गोल्डन डॉन’ या गुप्त मंडळात दोघांची ओळख झाली होती. बेनेट तेव्हा दम्याने जर्जर होता आणि दम्यावरची अफू, मॉर्फीनसारखी औषधे घेऊन घेऊन त्यांच्याच आहारी गेला होता. सिंहलद्वीपात त्याला आश्रय मिळाला तो पोन्नंबलम् रामनाथन् या शैव तमिळ विद्वानाच्या घरी. रामनाथन् हे तेथील सरकारचे सॉलिसिटर जनरल होते आणि परानंद या नावाने त्यांनी आध्यात्मिक ग्रंथलेखनही केले. त्यांच्याकडून मिळालेली योगविद्या बेनेटने क्रौलीला दिली. कँडी येथे बंगला भाड्याने घेऊन दोघांनी काही आठवडे कसून साधना केली. क्रौलीला तेथे ध्यानाची उच्च अवस्था लाभली असे तो सांगतो, आणि ते खोटे मानण्याचे कारण नाही. एकाग्रता हे मनाचे सामर्थ्य आहे. ते सज्जनालाच मिळते असा निसर्गाचा नियम नाही. पुराणांतील असुरही तप करीत आणि त्यांनाही वर मिळत.

त्याच बंगल्यातून दोन वाटा फुटल्या. बेनेट ब्रह्मदेशात गेला, १९०२ मध्ये आनंद मेत्तेय्य या नावाने बौद्ध भिक्षू झाला आणि १९०८ मध्ये इंग्लंडमध्ये पहिले बौद्ध धर्मप्रचारक मंडळ घेऊन आला. शीलाचे शेकडो नियम त्याने स्वेच्छेने अंगावर घेतले. प्रकृतीने साथ दिली नाही, १९१४ मध्ये चीवर उतरवावे लागले आणि १९२३ मध्ये दारिद्र्यात त्याचे निधन झाले. लौकिक अर्थाने अयशस्वीच जीवन म्हणावे लागेल. तरीही त्याच्याविषयी लिहिताना अखेरपर्यंत आदराने लिहिणाऱ्यांत क्रौली स्वतः होता. ज्याने इतरांना क्वचितच सोडले, त्याने या एका मित्रापुढे मान लवविली, हे पुरेसे बोलके आहे.

क्रौलीने योगाची आठ अंगे घेतली, पण पहिल्या दोन अंगांची वासलात लावली. अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य, अपरिग्रह हे यम आणि शौच-संतोषादी नियम म्हणजे मन शांत राहावे यासाठीची निव्वळ सोय, तेव्हा ज्याच्या मनाला जे मानवेल ते त्याने ठरवावे, असा त्याचा निष्कर्ष होता. पतंजलीने मात्र यमांना जाति-देश-काल यांच्या मर्यादा न मानणारे महाव्रत म्हटले आहे. हा भेद पारिभाषिक वाटतो, पण सगळी इमारत याच विटेवर उभी आहे. यम म्हणजे दुसऱ्याशी कसे वागावे याचे अंग. ते काढून टाकले की उरतो तो एकटा साधक आणि त्याची वाढती शक्ती.

कांचनगंगेवरील तंबू

याचे प्रत्यंतर चार वर्षांतच हिमालयात आले. क्रौली उत्तम गिर्यारोहक होता; १९०२ मध्ये ओस्कार एकेनस्टाइनसमवेत त्याने के-टू शिखराचा प्रयत्न केला होता. १९०५ मध्ये ८५८६ मीटर उंचीच्या कांचनगंगेवर चढाई करणारी पहिली तुकडी त्याच्या नेतृत्वाखाली दार्जिलिंगहून निघाली. वाटेत हमालांच्या हालअपेष्टांवरून आणि नेत्याच्या वर्तनावरून बेबनाव झाला. १ सप्टेंबरच्या संध्याकाळी त्याचे काही सहकारी त्याचा सल्ला झुगारून खालच्या तळाकडे उतरू लागले. दोरावरचा तोल गेला, हिमलोट कोसळला. अ‍ॅलेक्सिस पाश हा स्विस तरुण आणि तीन हमाल गाडले गेले. वाचलेल्यांचा आक्रोश वरच्या तळावर ऐकू आला. रेमोंद नावाचा सहकारी मदतीला धावला. क्रौली तंबूतून बाहेर पडला नाही. पुढे त्याने वृत्तपत्राला लिहिलेल्या पत्रात, अशा प्रकारच्या अपघाताविषयी आपल्याला मुळीच सहानुभूती नाही, अशा आशयाचे मत दिले. त्याच्या बाजूने एवढेच म्हणता येईल की, उतरू नका असे त्याने बजावले होते.

आपली कक्षा सोडणारे आदळतात, हे तत्त्व या ठिकाणी तंतोतंत लागू पडते. ते आपल्या चुकीने पडले. त्यांना काढणे हा नेत्याच्या संकल्पाचा भाग नव्हता. सिद्धांताच्या दृष्टीने तंबूत बसून राहण्यात विसंगती कोठेच नाही, आणि दुखणे नेमके तेच आहे. कैरोच्या ग्रंथात दुर्बळांविषयीची कणव हा दोष मानला आहे. त्या ग्रंथावर श्रद्धा ठेवणारा मनुष्य बर्फाखालच्या हमालासाठी का धावावा, याचे उत्तर त्या ग्रंथात सापडत नाही. शिखराच्या वाटेवरील त्या जागेला गिर्यारोहक आजही ‘पाशची समाधी’ म्हणून ओळखतात. तीन हमालांच्या नावाने तेथे काही नाही.

पुढची हकीकत थोडक्यात पुरे. १९०६ मध्ये त्याची पहिली मुलगी रंगून येथे विषमज्वराने दगावली; पत्नी आणि तान्हे मूल यांना वेगळ्या वाटेने धाडून तो त्या वेळी दुसरीकडे प्रवासात होता. १९२० मध्ये सिसिलीतील चेफालू गावी त्याने ‘थेलेमाचा मठ’ स्थापिला. त्याच वर्षी तेथे दुसरी चिमुरडी गेली. १९२३ च्या फेब्रुवारीत राऊल लवडे हा ऑक्सफर्डचा पदवीधर तेथेच आजारी पडून मरण पावला. बहुधा दूषित पाण्यामुळे, मांजराच्या रक्ताची कथा वृत्तपत्रांनी रंगविली असली तरी. दोन महिन्यांनी मुसोलिनीच्या सरकारने क्रौलीला देशाबाहेर काढले. वडिलांची मोठी संपत्ती कधीच उधळली गेली होती. १९३५ मध्ये त्याला दिवाळखोर घोषित करण्यात आले. १ डिसेंबर १९४७ रोजी हेस्टिंग्ज येथील एका वसतिगृहात तो वारला, तेव्हा दम्यासाठी सुरू झालेले हेरॉइन त्याला सुटलेले नव्हते. ज्याने साऱ्या जगाला संकल्पाचे शास्त्र शिकविले, त्याचा संकल्प एका सुईपुढे हरला. असे म्हणताना विजयाचा आनंद मानण्याचे कारण नाही. तो मनुष्य बुद्धिमान होता, धाडसी होता, आणि हा शेवट करुण आहे.

मंडालेच्या कोठडीतील उत्तर

क्रौली आपला सिद्धांत रचीत होता त्याच काळात, १९१०-११ च्या हिवाळ्यात, मंडालेच्या तुरुंगात लोकमान्य टिळक शिसपेन्सिलीने ‘गीतारहस्य’ लिहीत होते. (बेनेट तेव्हा ब्रह्मदेशातच होता, ही एक गंमत.) दोघांना एकमेकांची वार्ता नव्हती, प्रश्न मात्र एकच होता. ‘कर्मविपाक व आत्मस्वातंत्र्य’ हे संपूर्ण दहावे प्रकरण टिळकांनी मनुष्याच्या इच्छास्वातंत्र्याला वाहिले आहे. इंग्रजीत ‘विल’ या एका शब्दावर काम भागवावे लागते. संस्कृतात इच्छा, वासना, काम, संकल्प, क्रतू अशा छटा आहेत आणि टिळकांनी त्यांचा पुरेपूर लाभ घेतला. सहाव्या प्रकरणात त्यांनी व्यवसायात्मिक बुद्धी आणि वासनात्मक बुद्धी यांचा भेद विशद केला. पहिली कार्याकार्याचा निर्णय करते, दुसरीत हवे-नको उत्पन्न होते. पहिली शुद्ध आणि स्थिर नसेल, तर दुसरी तिला ओढून नेते आणि माणूस आपल्या वासनेलाच निर्णय समजू लागतो.

क्रौलीच्या ‘हवे’ आणि ‘संकल्प’ या भेदाशी हा भेद अगदी समांतर दिसतो. तथापि टिळक तेथे थांबत नाहीत. बुद्धी शुद्ध झाली हे ओळखावे कसे? क्रौलीचे उत्तर असे की, साधकाला आपल्या रक्षक देवदूताचा साक्षात्कार होतो आणि तो खरा संकल्प सांगतो. म्हणजे वादी तोच, साक्षीदार तोच आणि न्यायाधीशही तोच. टिळकांचे उत्तर वेगळे आहे. शुद्ध बुद्धीची खूण साम्य. सर्वांभूती एकच आत्मा पाहणे. तिचे बाह्य फळ लोकसंग्रह. ज्ञानी पुरुषालाही कर्म सुटत नाही, कारण लोकांची घडी विस्कटता कामा नये. संकल्प माझा असला तरी त्याची परीक्षा माझ्या बाहेर आहे. तंबूबाहेर ओरडणारा मनुष्य हा त्या परीक्षेतील प्रश्न आहे.

येथे एक आक्षेप येईल आणि तो टाळण्यात अर्थ नाही. हिंदू समाजाने ‘स्वधर्म’ या शब्दाचा उपयोग व्यक्तीचा संकल्प फुलविण्यासाठी केला, की चिरडण्यासाठी? शतकानुशतके जन्मावरून कक्षा ठरविल्या गेल्या; चर्मकाराच्या मुलाने कातडेच कमवावे, स्त्रीने चूलच सांभाळावी, आणि याला शास्त्राचा आधार दिला गेला. १९७४ मध्ये पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेत बाळासाहेब देवरसांनी अस्पृश्यतेला निःसंदिग्ध शब्दांत पाप ठरविले, ते याच विपर्यासाच्या संदर्भात. गीतेतील स्वधर्म स्वभावातून, गुणकर्मांतून उगवतो. तो दुसऱ्याने लादला की त्याचाच परधर्म होतो, आणि परधर्म भयावह असल्याचा इशारा मग लादणाऱ्यालाच लागू पडतो.

आजच्या सुशिक्षित घरांत जातीची ती कक्षा सैल झाली, पण तिच्या जागी नवी आली आहे. मुलगा अभियंता व्हावा, परदेशी जावा, शेजारच्याहून मोठे वेतनपत्र आणावे, ही आकांक्षा मातापित्यांची असते आणि तिला ‘संस्कार’ हे नाव दिले जाते. मग एके दिवशी मुलगा उसळून ‘माझे आयुष्य, माझी इच्छा’ म्हणतो आणि घर हादरते. कोठून शिकला हे? कोणी दूरचित्रवाणीला दोष देतो, कोणी मोबाइलला. प्लिमथ ब्रदरेनच्या घरातही कोणाला वाटले नव्हते की, आपल्याच बंद खिडक्यांमुळे मुलगा दार तोडून बाहेर जाईल. ज्या मुलाला आपला स्वभाव ओळखण्याची मुभा घरात मिळत नाही, त्याला ती बाहेर विकत मिळते. टॅरो पत्त्यांचे वर्ग आज महाराष्ट्राच्या शहरांत निघतात. त्या बाजारातील ‘थॉथ’ नावाचा प्रसिद्ध संच क्रौलीनेच लेडी फ्रीडा हॅरिस या चित्रकर्तीकडून १९३८ ते १९४३ या काळात काढून घेतला होता. विश्वाकडे मागा आणि विश्व देईल, असे सांगणारी २००६ मधील ‘द सीक्रेट’सारखी पुस्तके मराठी घरांतही पोहोचली आहेत. त्यांचा उगम निराळा, अमेरिकी ‘नवविचार’ चळवळीतला; पण तेथेही मागणाऱ्याला कोणी विचारीत नाही की, तू जे मागतोस ते मागणारा तुझ्यातला कोण?

क्रौलीने निदान हा शेवटचा प्रश्न विचारला होता. या बाजारू मार्गदर्शकांपेक्षा तो निश्चितच वरचढ होता.

शाखेत, छात्रावासात, कुटुंबात तरुणांशी बोलणाऱ्यांनी म्हणून दोन टोके टाळावयास हवीत. ‘इच्छा’ हा शब्द ऐकताच अंगावर धावून जाणे हे एक, आणि ‘तुझ्या मनाला येईल ते कर’ असे म्हणून हात झटकणे हे दुसरे. दुसऱ्याला आधुनिकता म्हणतात, पण पुष्कळदा तो मातापित्यांचा थकवाच असतो. मुलाला वेळ द्यावा लागतो. सेवाकार्यात, श्रमात, समवयस्कांच्या सहवासात त्याचा स्वभाव त्याला स्वतःलाच दिसू द्यावा लागतो. वनवासी पाड्यावरील एका उन्हाळी शिबिरात एखाद्याला कळते की आपल्याला शिकविणे आवडते. दुसऱ्याला कळते की आपल्याला ते मुळीच जमत नाही. दोन्ही शोध मोलाचे. कारण तेथे संकल्पाला साक्षी असते, आणि ती साक्षी देणारी मुले खोटे बोलत नाहीत.

क्रौलीच्या वाचनयादीत स्वामीजींचा ‘राजयोग’ आहे. प्रास्ताविक ओलांडून दुसरे प्रकरण उघडले की योगाच्या आठ पायऱ्या सांगताना विवेचनाला आरंभ होतो तो यमापासून.